पायाला टांगलेले पंधरा पौंड

शनिवार पेठेत राहणारे नृसिंह कळेकर मास्तर माणसाला हिणवताना आवाज कधी चढवत नसत. चष्मा कपाळावर सरकवायचे, समोरच्याकडे घटकाभर निरखून पाहायचे आणि अगदी शांतपणे म्हणायचे, "तुमच्या वडिलांना एकदा भेटायला हवं. अक्कल नेमकी कुठल्या पिढीत सांडली, ते तरी कळेल." हेडमास्तरांना ते 'रबरी शिक्का' म्हणत, चित्रकलेच्या मास्तरांना 'रंगारी'. संस्थान विलीन झाल्यावर बाहेरून येऊ लागलेल्या इन्स्पेक्टरांना ते खुर्ची हातानंही दाखवत नसत, हनुवटीनं दाखवत. त्यांची बायको कालिंदीबाई शेजारणीला सांगायची, "ह्यांना अंबाबाईच्या देवळात नेलं ना, तर मूर्तीचेही दोन मार्क कापून येतील."

एवढा तोरा मिरवायला पदरी काय होतं? दुसऱ्या खेपेला पास झालेली इंटर सायन्स आणि पिवळी पडलेली एक वही. एकोणीस वर्षं शहरातल्या एका हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवताना त्या वहीपलीकडचं पान मास्तरांनी उलटलं नव्हतं. वहीत तिसरा नियम होता: प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते. त्याला मास्तरांनी स्वतःच्या पदरचं एक शेपूट जोडलं होतं. "समान आणि विरुद्ध, म्हणून बेरीज शून्य. लिहा." हे शेपूट कुठल्याच पुस्तकात नव्हतं, पण वर्ग मुकाट लिहून घेई. पंचगंगेच्या घाटावर नावेतून उडी मारली की नाव मागं का सरकते, बेरीज शून्य असेल तर ती जागची हलायलाच नको, असं एकदा वर्गातून कुणीतरी विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "उडी मारणारा तुझ्यासारखा असेल तर नाव लांब पळणारच." वर्ग खो खो हसला, प्रश्न तिथंच बुडाला, आणि मास्तरांना वाटलं की आपण उत्तर दिलं.

त्रेपन्न सालच्या जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. त्यात शिक्षक एका बाजूला आणि ऑफिसातले कारकून, शिपाई दुसऱ्या बाजूला अशी रस्सीखेच ठरली. चांगला दोर मांडवाला गेला होता, म्हणून शाळेचा जुना शिपाई केरबा विहिरीचा दोर घेऊन मैदानात आला. त्यानं तो जमिनीवर पसरला, मध्यावर अंगठ्यानं दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"सर, ह्या दोराचं काय खरं न्हाय. मधी कुजलाय. सोळा गडी वडाय लागल्यावर ह्यो टिकत न्हाय बगा."

मास्तरांचा चष्मा कपाळावर गेला. "केरबा, इकडून आठ जण ओढणार, तिकडून आठ. जोर सारखा, दिशा उलट. बेरीज किती?"

"मला काय ठावं सर."

"तेच. शून्य. दोरावर भार शून्य. शून्यानं तुटेल असा दोर अजून कुणी वळलेला नाही."

हेडमास्तर हसले, कारण विज्ञान तेही शिकलेले नव्हते. केरबानं खांदे उडवले आणि दुसरं टोक धरायला निघून गेला.

शिक्षकांच्या बाजूला अडीच मणांचे ड्रिलमास्तर हंबीरराव होते. खरं तर त्यांनी सगळ्यांत मागं राहून दोर कमरेला बांधून घ्यायला हवा होता. पण तिथं ताकदीपेक्षा डोकं लागतं म्हणून कळेकर मास्तरांनी ती जागा स्वतःकडे घेतली आणि हंबीररावांना आपल्या पुढच्या जागी ढकललं. शिट्टी झाली. दोर ताठ झाला. कुणी इंचभर पुढं सरकेना की मागं येईना. "बघा!" मास्तर दात आवळून म्हणाले, "शून्य!" आणि त्याच दमात दोर मधोमध तुटला. आठही शिक्षक उताणे पडले आणि हंबीरराव सगळ्या वजनानिशी मास्तरांच्या डाव्या मांडीवर बसले. दोर तुटल्याचा आणि हाड मोडल्याचा, असे दोन आवाज लागोपाठ झाले.

बाकावर घालून टांग्यापर्यंत नेताना केरबा पुटपुटला, "शून्यानं लईच लागलं म्हणायचं." मास्तरांनी ते ऐकलं. पण तेव्हा ते आईला हाका मारत होते.

गावाच्या टोकाला एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. तिथं पुरुषांच्या वॉर्डात बारा खाटा होत्या, त्यांतली सातवी मास्तरांना मिळाली. मांडीचं हाड मधोमध मोडलं होतं आणि मांडीचे दांडगे स्नायू दोन्ही तुकडे एकमेकांवर चढवत होते. डॉक्टरांनी गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या चिकटवल्या, तळव्याखाली लाकडाचं एक फळकूट ताणून बसवलं, त्याला दोरी बांधली, दोरी खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून सोडली आणि खाली पंधरा पौंडांचं वजन टांगलं. मग पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली तीन-तीन विटा सरकवल्या, त्यामुळे मास्तरांचे पाय वर आणि डोकं खाली झालं.

"बारा आठवडे असंच," डॉक्टर म्हणाले. "ह्यातलं काही हलवायचं नाही."

वॉर्डाची आया अंबूबाई राधानगरीकडची, पन्नाशी उलटलेली. तिला पेशंटांची नावं ठाऊक नसत, ती खाटेच्या नंबरानं हाक मारी. केर निम्म्या वॉर्डाचा काढायची, उरलेल्या निम्म्यात झाडू नुसता फिरवून आणायची आणि दुपारी मिश्री लावत दाराशी टेकायची. पण टांगलेल्या पायांवर तिची नजर घारीसारखी असे. वीस वर्षांत तिनं किती पाय उतरवले असतील त्याची मोजदाद नव्हती.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "अगं बाई, ह्या विटा कशाला, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"तुमी खाली घसरू नये म्हणून."

"आणि ह्या दोरीचं नि विटांचं नातं काय?"

"त्ये डाक्टरला इचारा. मी फकस्त सांगते, इटा काडायच्या न्हाईत." तिनं मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शाळंत काय शिकिवता?"

"पदार्थविज्ञान."

"मंग हाड कसं मोडलं?"

आठ नंबरच्या खाटेवर हुपरीचा एक चांदीकाम करणारा होता, तो तोंडात पांघरूण कोंबून हसला. त्या दिवसापासून मास्तरांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

विटांचा त्यांना मनस्वी राग होता. पाय वर, डोकं खाली, अशा अवस्थेत भेटायला आलेल्या माणसाला हिणवायचं तरी कसं? चहा नाकात जायचा. वर्तमानपत्र छातीवर धरलं की डोळ्यांवर घसरायचं. दुसऱ्या आठवड्यात अंबूबाई भाचीच्या लग्नाला म्हणून गावी गेली आणि डॉक्टरही तीन दिवस परगावी होते. त्या संध्याकाळी केरबा डबा घेऊन आला, तेव्हा मास्तरांनी त्याला पायथ्याशी बोलावलं.

"त्या विटा काढ."

"सर, डाक्टरनी लावल्यात की त्या."

"वजन पायाला ओढतं, ही झाली क्रिया. पाय वजनाला ओढतो, ही प्रतिक्रिया. विटांचा ह्यात संबंध कुठं आला? हे आयाबायांचं शास्त्र आहे. काढ."

केरबानं डबा खाली ठेवला. मग "तुमी म्हणाल तसं" म्हणत त्यानं आठ नंबरला भेटायला आलेल्या पाव्हण्याच्या मदतीनं खाट उचलली आणि विटा बाजूला काढल्या. मास्तर सपाट झाले. दोन वर्षांत झाला नसेल एवढा त्यांना त्या रात्रीच्या जेवणाचा आनंद झाला.

पुढचे तीन दिवस तर सोन्याचे गेले. मांडीतला सणका हळूहळू कमी झाला, दुसऱ्या दिवशी अगदीच थांबला. वजन मात्र जसंच्या तसं टांगलेलं होतं. मास्तरांनी कालिंदीबाईंना ते दाखवून सांगितलं, "पाहा. पंधरा पौंड तेवढेच आहेत. ओढ तेवढीच आहे. दुखणं विटांचं होतं." कालिंदीबाईंनी वजनाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही उशीवरून बरेच खाली आलात की हो." मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. बायकोचं म्हणणं लक्षात घ्यायचं नसतं, हा त्यांचा वहीत न लिहिलेला एक नियम होता.

सोमवारी सकाळी अंबूबाई आली, दारातच थांबली आणि तिथूनच ओरडली, "सात नंबर! इटा कुणी काडल्या?"

"मी काढवल्या. आणि मला आराम आहे."

"आराम आसंलच." ती पायथ्याशी आली. मास्तर तीन दिवसांत वीतभर खाली घसरले होते आणि तळव्याखालचं फळकूट थेट कप्पीच्या दांडीला जाऊन भिडलं होतं. अंबूबाईनं वाकून वजन दोन्ही हातांनी उचललं आणि तसंच धरून ठेवलं. "सांगा आता. पायाला काय कळालं?"

मास्तर तिच्या हातातल्या वजनाकडे पाहू लागले.

"इचारतीया की! वजन काडलंय मी. पायाची वड कमी झाली का न्हाय?"

"...नाही."

"व्हईल कशी? ह्ये तीन दिस खाटंला वडत हुतं. तुमच्या पायाला कोन वडतंय हितं? दांडीला फळी टेकली, वजन दांडीवर. पाय मोकळा. म्हनून आराम!" तिनं वजन सोडलं. "मागनं धरायला कुणी नसलं तर फुडनं वडून काय उपेग? माणूस नुसता फुडं जातो. मांडी कशी ताणायची?"

मग चौघांनी मास्तरांना काखेत धरून वर ओढलं आणि विटा परत सारल्या. पंधरा पौंड खऱ्या अर्थानं मांडीत उतरले तेव्हा मास्तर असे ओरडले, की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढला. हाडाचे तुकडे पुन्हा एकमेकांवर चढले होते. वजन वाढवलं, आठवडे वाढवले, आणि मास्तरांना तोंडावर सांगितलं, "पाय आखूड राहिला तर त्याचे धनी तुम्ही."

त्यानंतर मास्तरांचं हिणवणं बंद पडलं. हिणवायला माणसं होती, पण तोंड उघडलं की पहिलं वाक्य स्वतःवरच येऊन पडे. मार्चचा उन्हाळा सुरू झाला होता. दुपारी वॉर्ड पेंगायचा आणि मास्तर दोरीकडे टक लावून पडायचे. पाहायला दुसरं काही नव्हतंच.

एका दुपारी त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. वहीतून नव्हे, खाटेवरून. वजन आपल्याला पायांकडे ओढतं. खाट उतरती आहे, म्हणून आपलं अंग डोक्याकडे सरकू पाहतं. दोन्ही ओढी सारख्या, म्हणून आपण जागच्या जागी. म्हणजे आपल्यावरच्या जोरांची बेरीज शून्यच आहे. इथवर वही बरोबर होती. मग मांडी का ताणली जाते? बेरीज शून्य असताना हा सणका कुठून येतो?

मग त्यांच्या ध्यानात आलं. माणूस जागचा हलेल की नाही, एवढंच ती बेरीज सांगते. त्याच्या आत काय चाललंय, ते ती सांगत नाही. मांडीत कुठंही सुरी घालून दोन भाग कल्पावे, तर खालचा भाग वरच्याला ओढतोय, वरचा खालच्याला ओढतोय, आणि मधे हाड आहे. दोन बाजूंनी ओढलं म्हणून ओढ फिटत नाही, उलट दोन्ही बाजूंनी ओढलं म्हणूनच ताण येतो. विहिरीचा दोरही कुठं गेला नव्हता. जागच्या जागी होता, शून्य होता, आणि तुटला.

"गाढव," मास्तर मोठ्यानं म्हणाले. आठ नंबरवाल्यानं दचकून विचारलं, "कोन, मी?"

"मी," मास्तर म्हणाले.

पण खोड अशी सहजासहजी जात नसते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, की आता वाढवल्यावर वजन वीस पौंड आहे, तेव्हा दोरीतला ताण चाळीस पौंड असला पाहिजे. वीस इकडून, वीस तिकडून. केरबाकडून शाळेतला स्प्रिंगचा काटा मागवला. अंबूबाईनं कुरकुरत वजन हातात पेललं, केरबानं दोरी मधे सोडून काटा अडकवला आणि अंबूबाईनं वजन सोडलं. काट्यावर वीस.

"काटा बिघडलाय," मास्तर म्हणाले.

"काटा चांगला हाय सर. कालच तपासलाय," केरबा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. म्हणजे तो मनातून हसत असणार.

अंबूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मास्तर, आमच्या घरी म्हस हाय. खुट्याला बांदलीय. म्हस वडती, दावं ताणतं. खुटा काय करतो?"

"खुंटा? खुंटा काय करणार? उभा असतो."

"उबा असतो व्हय? मंग त्यो उपसून ठेवा आन बगा दावं ताणतंय का." तिनं मिश्रीचं बोट दातांवरून फिरवलं. "खुटाबी वडतोय. म्हस वडती तेवडंच वडतोय. त्याला पाय न्हाईत, श्याप न्हाय, म्हणून तुमच्यासारक्याला दिसत न्हाय. आन म्हशीनं वडलं आन खुट्यानं वडलं म्हणून दाव्याला डब्बल वड लागली, आसं म्हणणारा मानूस आजवर मला तरी गावला न्हवता."

मास्तरांनी चष्मा कपाळावर न्यायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. खुंटा म्हशीएवढाच ओढतो. म्हणजे दोराचं एक टोक मैदानातल्या चिंचेच्या झाडाला बांधलं असतं आणि दुसऱ्या टोकाला एकटे आठ शिक्षक असते, तरी दोराला तेवढंच सोसावं लागलं असतं. समोरच्या आठ कारकुनांनी चिंचेचं काम केलं, एवढंच.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मास्तरांनी विचारलं. अंबूबाईला त्यांच्या तोंडून 'तुम्ही' पहिल्यांदाच ऐकू आलं, आणि त्यानं ती मुळीच विरघळली नाही.

"म्हशीनं," ती म्हणाली. "आन आता काटा काडा तेवडा. तुमचा ख्योळ झाला आसंल तर मला भांडी धुयाची हाईत."

जूनमध्ये मास्तर काठी टेकत शाळेत गेले. डावा पाय अर्धा इंच आखूड राहिला होता. हेडमास्तरांनी त्यांचा विषय रुकडीच्या धनपाल चौगुले नावाच्या नव्या बी. एस्सी. झालेल्या तरुणाला देऊन टाकला होता आणि मास्तरांच्या वाट्याला खालच्या वर्गांचा भूगोल आला होता. दोन वर्गांमधे फक्त लाकडी पडदी होती. मास्तर नकाशा टांगून वर्गाला नद्या पाठ करायला लावत आणि पलीकडचं ऐकत बसत. चौगुले कुठं चुकतो, ते त्यांना पकडायचं होतं.

तो चुकेना. "क्रिया एका वस्तूवर, प्रतिक्रिया दुसऱ्या वस्तूवर," पडदीपलीकडून आवाज आला. "मी भिंतीला ढकललं, भिंतीनं मला ढकललं. एक भिंतीवर, एक माझ्यावर. ह्या दोन्हींची बेरीज करायची नाही. बेरीज करायची ती एकाच वस्तूवर येणाऱ्या जोरांची." हे तर अजून त्यांनाही एवढं स्वच्छ मांडता आलं नव्हतं. मधल्या सुट्टीत त्यांनी धनपालला गाठून दोराच्या ताणाचा प्रश्न टाकला. पोरसवदा मास्तर चहा फुंकत म्हणाला, "ताण तेवढाच सर, दुप्पट नाही. का, कुणी दुप्पट म्हणालं का?"

"होतं एक गाढव," मास्तर म्हणाले, आणि जाता जाता पुढं बोललेच, "फळ्यावर बाण काढता त्याची टोकं भाल्यासारखी असतात. नीट काढत चला."

त्या संध्याकाळी त्यांनी कालिंदीबाईंना सांगितलं, "एकोणीस वर्षं चुकीचं शिकवलं."

"मग आता काय, घरोघर फिरून पुसून येणार?"

मास्तरांनी तसंच काहीसं मनावर घेतलं. शाळेच्या वार्षिक अंकासाठी त्यांनी अर्ध्या पानाचा मजकूर लिहिला. तिसऱ्या नियमापुढे 'म्हणून बेरीज शून्य' असे शब्द ज्यांनी लिहून घेतले असतील त्यांनी ते खोडावेत, चूक शिकवणाऱ्याची आहे, खाली सही. हेडमास्तरांनी तो कागद दोन बोटांत धरून परत केला. "कळेकर, शाळेच्या नावाचा काही विचार? लोक म्हणतील, इथं काय शिकवतात." मास्तर म्हणाले, "तेच म्हणायला हवं लोकांनी." पण अंक त्या मजकुराशिवायच निघाला.

मग मास्तरांनी पोस्टाची कार्डं आणली. जुन्या हजेरीपटांवरून पत्ते उतरवले, जे मिळाले नाहीत ते केरबाकडून काढले. गावातल्या निम्म्या घरांत त्याची ओळख होती. दर रविवारी संध्याकाळी चार-पाच कार्डं, प्रत्येकावर तेच सहा ओळींचं पत्र. गल्लीत हसू झालं. मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं हंबीररावांनी तालमीत सांगितलं, आणि ते सांगायला त्यांच्याइतका हक्काचा माणूस दुसरा नव्हता.

दिवाळीपर्यंत सत्तर कार्डं गेली. उत्तरं आली दोन. एकाचं लक्ष्मीपुरीत किराणा दुकान होतं. त्यानं लिहिलं, की कुठला नियम ते आठवत नाही, पण तब्येतीची काळजी घ्यावी. दुसरं राधानगरीच्या धरणाच्या कामावरून आलं होतं, तिथल्या एका ओव्हरसियरचं. मास्तरांनी ते उंबऱ्यात उभ्या उभ्याच वाचलं.

"सर, आपलं कार्ड सात वर्षं उशिरा पोचलं. आपली 'बेरीज शून्य' मी कॉलेजात पहिल्याच महिन्यात भर वर्गात म्हणून दाखवली होती. प्रोफेसरांनी मला तासभर बाकावर उभं केलं आणि सबंध वर्षभर 'शून्य' म्हणूनच हाक मारली. आता मी भिंतींचे, लोखंडाचे ताण काढतो. आपण वर्गात एक प्रश्न जरी नीट ऐकून घेतला असता, तर माझं एक वर्ष वाचलं असतं. घाटावरच्या नावेबद्दल मीच विचारलं होतं."

कालिंदीबाई आतून आल्या. "काय लिहिलंय?"

"शिव्या दिल्यात," मास्तर म्हणाले. त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. "पण मुद्देसूद आहेत. एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही."

ते आत गेले, काठी भिंतीला टेकवली, पाटावर बसले, आखूड पाय लांब सोडला आणि दौत पुढं ओढून एकाहत्तरावं कार्ड लिहायला घेतलं.